अल्लीपूर केंद्राची ॲडमिन

आमच्या डेअरीत नवा माणूस लागला की त्याला ऑफिसच्या मेसेजिंग ॲपवर घ्यायचं आणि माणूस सोडून गेला की काढायचं, हे काम मालकांनी माझ्याकडे दिलं होतं. माझं मूळ काम आस्थापनेचं. हजेरी, रजा, नेमणुकीचे कागद. ऑफिस नालवाडीत, घर बोरगाव मेघेला. स्कूटीवर बसलं की चहा निवायच्या आत पोचते, असं माझी लेक म्हणते.

आधी सगळा कारभार साध्या फोनवरच्या ग्रुपांवर चालायचा. ग्रुप कोणी उघडला, आत कोण कोण आहे, कोणाला पत्ता नसे. आमचा एक टँकर चालक नोकरी सोडून दुसऱ्या डेअरीत लागला आणि कित्येक महिने आमच्याच ग्रुपमध्ये बसून राहिला. आमचे टँकर कधी निघतात, कुठल्या गावात दूध कमी पडलं, कुठला गवळी नाराज आहे, सगळं त्याला घरबसल्या कळत होतं. तो ते कोणाला सांगत होता असं काही नाही. पण एका सकाळी त्याने सवयीने ग्रुपवर फुलाचं चित्र आणि 'शुभ सकाळ' टाकलं, आणि मालकांच्या लक्षात आलं.

त्यानंतर हे ॲप आलं. दर संकलन केंद्राचा एक ग्रुप. त्यात केंद्रप्रमुख, दूध तपासणारे, हमाल, टँकरचे चालक, प्लान्टच्या गेटवरचा माणूस आणि संकलन व्यवस्थापक. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं, ही परवानगी फक्त माझ्याकडे. ॲपच्या भाषेत मी ॲडमिन.

वरून बघणाऱ्याला हे बटणं दाबायचं काम वाटे. पण काढायच्या वेळी माणसाचं काय होतं, ते मला लवकरच कळलं. ॲप सगळ्यांसमोर लिहितं, अमक्याला ग्रुपमधून काढण्यात आलं. म्हणून मी आधी फोन करायचे. आमचे एक चौकीदार निवृत्त झाले, त्यांना फोन केला तर म्हणाले, "काढा ना म्याडम, पण संध्याकाळलोक राहू द्या. लोकं शुभेच्छा टाकून राह्यले, वाचून होऊ द्या." मी दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं.

असं सुरळीत चाललं होतं. अडलं ते जयंतीच्या दिवशी.

आमच्या घरी जयंती म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा दिवस. सकाळी विहारात वंदना, मग चौकातल्या मंडपात येणाऱ्या-जाणाऱ्यांना मठ्ठा आणि बुंदी. मी पांढरी साडी नेसून मठ्ठ्याच्या पिंपाशी उभी होते. हात दोन्ही भरलेले. पर्स मागे खुर्चीवर, फोन पर्समध्ये, आणि समोर डीजे. एप्रिलातलं आमच्याकडचं ऊन, लोक ग्लास रिकामा करून लगेच पुढे करत होते.

त्याच सकाळी अल्लीपूरच्या टँकरचा चालक तापाने फणफणला. केंद्रप्रमुखांनी गावातला दुसरा माणूस धरला. परवाना होता, हात चांगला होता, टँकर भरून वेळेत निघाला. पण आमचा एक नियम होता. टँकरच्या झाकणाला सील लावलं की चालकाने त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. तो दिसल्याशिवाय प्लान्टचं गेट उघडत नसे. वाटेत दूध उतरवल्याच्या तक्रारी होत्या, म्हणून संकलन व्यवस्थापकांनी हा नियम केला होता, आणि नियम चांगलाच होता. फक्त बदली चालक ग्रुपमध्ये नव्हता. त्याला घ्यायची परवानगी माझ्याकडे, आणि मी मठ्ठा वाटत होते.

गेटवाल्याने व्यवस्थापकांना फोन केला. ते सुट्टीसाठी नागपूरला घरी गेले होते. त्यांनी सांगितलं, "चालकाच्या स्वतःच्या फोनवरून फोटो ग्रुपवर आल्याशिवाय घेऊ नको. मॅडमला फोन लाव." गेटवाला मला फोन लावत राहिला. अल्लीपूरहून केंद्रप्रमुख लावत राहिल्या. टँकर गेटबाहेर उन्हात उभा. मिरवणूक पुढे गेल्यावर मी पर्स उघडली, पडद्यावर नुसते लाल आकडे. मंडपाच्या कापडाआड उभं राहून त्या चालकाला ग्रुपमध्ये घेतलं, त्याने फोटो टाकला, गेट उघडलं. पण दूध तोवर फाटलं होतं. सगळा टँकर ओतून द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. मालक सत्तरीच्या पुढचे. सकाळी आपल्या किराण्याच्या जुन्या दुकानात गादीवर बसतात, दुपारी डेअरीत येतात. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तुमची काही गलती नाही. तुमचा सण होता. पण दुकानाची चाबी एकाच्याच खिशात असली, अन् तो गेला लग्नाला, तर दुकान उघडत नाही. दुसरी चाबी बनवा."

व्यवस्थापक तिथेच होते. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. चाळिशीचे, दुग्धशास्त्र शिकलेले, कामाला वाघ. ते म्हणाले, "दर केंद्राला परवानगी दिली तर कोणीही कोणालाही आत घेईल."

"कोणीही नाही," मालक म्हणाले. "केंद्रप्रमुख. ज्याच्या भरोशावर आपण हजारो लिटर दूध सोडतो, त्याच्या भरोशावर एक माणूस नाही सोडू शकत?"

मग काम माझ्यावर आलं. ॲपमध्ये परवानगीचे प्रकार होते. नुसतं आत घेण्याची वेगळी, आत घेण्याची आणि काढण्याची वेगळी. मी साहेबांना विचारलं, कोणती देऊ? ते दुसऱ्या कामात होते. म्हणाले, "तुम्हीच बघा. मला त्यात नका पाडू." मी विचार केला, बदली चालक एक दिवसासाठी येतो. संध्याकाळी त्याला काढलं नाही, तर पुन्हा तेच, परका माणूस आत बसलेला. म्हणून दोन्ही परवानग्या दिल्या. मात्र ज्याच्या-त्याच्या केंद्राच्या ग्रुपपुरत्याच.

केंद्रांवर मी स्वतः गेले. फोनवर सांगून हे होत नाही. अल्लीपूरला सर्वांत आधी गेले, कारण अडलं होतं तिथेच.

तिथल्या केंद्रप्रमुख पन्नाशीच्या बाई. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्वतःच्या घरी म्हशी, आणि गावातल्या प्रत्येक घरचं दूध कसं आहे हे त्यांना वासावरून कळतं, असं लोक सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही. आवाज मात्र असा, की कूलरची मोटर चालू असली तरी फाटकापर्यंत ऐकू यावा.

मी त्यांचा फोन हातात घेऊन दाखवलं. हे नाव, इथे दाबलं की माणूस आत. इथे दाबलं की बाहेर.

"माह्या हातानं काढाचं?" त्या म्हणाल्या.

"हो. तुमच्या केंद्राचं तुम्ही बघायचं."

"अन् कोनाले काढाचं, हे कोन सांगन?"

"कोणी नाही सांगणार. नोकरी सोडलेला माणूस, बदलीवर येऊन गेलेला माणूस, किंवा ज्याच्यामुळे ग्रुपवरच्या कामाला अडथळा होतो तो. तुम्हीच ठरवायचं."

त्यांनी फोन परत घेतला, डोळ्यांपासून लांब धरून बघितला. "नाई बाप्पा, हे जोखमीचं काम आहे. आपन म्हनतो बटन आहे, पन मानूस असते तिथं." तरी शिकल्या. मी समोर बसून मला स्वतःला ग्रुपमधून काढायला लावलं आणि परत घ्यायला लावलं. काढायच्या आधी ॲप विचारतं, नक्की काढायचं का? तिथे त्या दरवेळी थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. निघताना तपासणीच्या टेबलावरच्या बाईने मला चहा दिला. तिशीची, दोन लेकरांची आई, बोलायला अगदी कमी. फॅट मोजायच्या यंत्राशी बसून ती दिवसभर आकडे घ्यायची, तेवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं.

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. बदली चालक आले-गेले, ताईंनी त्यांना घेतलं, काढलं. माझा फोन सुट्टीच्या दिवशी शांत राहू लागला. भादव्यात एका सकाळी मी नुकती ऑफिसात येऊन पंखा लावत होते, तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मॅडम, ॲपमध्ये काही बिघाड आहे का?"

"नाही. का?"

"मला अल्लीपूरचा ग्रुप दिसत नाही."

मी माझ्याकडे उघडून बघितलं. खाली स्पष्ट लिहिलं होतं, संकलन व्यवस्थापकांना ग्रुपमधून काढण्यात आलं. काढणाऱ्यांच्या जागी ताईंचं नाव.

मी साहेबांना म्हटलं, बघते आणि कळवते. मग ग्रुप वरपासून वाचला. आदल्या संध्याकाळपासून सुरू झालं होतं. अल्लीपूरहून आलेल्या दुधाची फॅट प्लान्टवर कमी भरली होती. केंद्रावर घेतलेला आकडा जास्त होता. साहेबांनी विचारलं, हे कोणी तपासलं? तपासणाऱ्या बाईने लिहिलं, मी. मग साहेब सुरू झाले. डोळे मिटून आकडे टाकता का. घरी भाकरी थापायच्या सोडून इथे कशाला येता. तुमच्यासारख्यांना यंत्रापाशी बसवलं हीच आमची चूक. ग्रुपमध्ये तिच्या गावचे हमाल, चालक, तिचा चुलत दीर, गेटवाला. सगळे वाचत होते. कोणी काही लिहिलं नाही.

ताईंनी लिहिलं होतं, साहेब, जे बोलाचं ते फोनवर बोला, इथं नोको.

साहेबांनी लिहिलं, मला शिकवू नका.

सकाळी पुन्हा तेच. आज महाराणी आल्या का कामावर, असं साहेबांनी विचारलं होतं. त्याच्या खाली ॲपची ती ओळ.

मी अल्लीपूरला फोन लावला. "ताई, साहेब ग्रुपमधून निघाले. चुकून झालं का?"

"चुकून काऊन होईन?" ताई म्हणाल्या. "थे ॲप इचारते ना, नक्की काढाचं का. मी हो म्हनलं."

मी म्हटलं, "अहो, ते साहेब आहेत."

"मले मालूम आहे थे सायेब आहेत. तुमीच सांगतलं, ज्याच्यानं कामाले अडथळा होते त्याले काढाचं. पोरगी आज आली नाई. फोन बंद करून घरी बसली. यंत्रापाशी मी बसली, मापाले हमाल लावला, गवळी वरडून राह्यले. याले अडथळा नाई म्हनत तं कायले म्हनतात?"

पोरगी म्हणजे तपासणारी बाई. ताईंच्या तोंडी तिशीतलीही पोरगीच.

साहेबांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता. ताईंनी काढल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "मला आत्ताच्या आत्ता परत घ्या. आणि त्यांच्याकडची परवानगी काढा. केंद्रप्रमुख व्यवस्थापकाला काढते, हा काय प्रकार आहे?"

मला ते करता आलं असतं. माझी परवानगी सगळ्यांच्या वर होती. बोट पडद्याजवळ नेलंही. मग फोन ठेवला आणि मालकांच्या दुकानात गेले.

मालक गादीवर होते. मी सगळं सांगितलं, ग्रुप वाचून दाखवला. 'महाराणी'पाशी त्यांनी चष्मा काढला.

"परवानगी कोणी दिली?"

"तुम्ही सांगितलं, मी दिली."

"बाईनं तिच्या परवानगीबाहेर काही केलं का?"

"नाही. सेटिंगमध्ये बसतं."

"सेटिंगमध्ये बसतं, हे ठीक आहे. धंद्यात बसतं का, हे पाहावं लागेल." त्यांनी दुकानातल्या पोऱ्याला समोरच्या गिऱ्हाइकाला साबण दाखवायला सांगितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "तुम्ही काय करणार?"

"मी साहेबांना परत घेऊ शकते. पण मी घेतलं, तर ताईंकडे दिलेली परवानगी नावालाच राहील. उद्या त्या कोणालाच काढणार नाहीत. बदली चालकालाही माझ्याकडेच पाठवतील. मग पुन्हा सगळं माझ्याच फोनवर."

"अन् नाही घेतलं तर साहेब नाराज."

"हो."

मालकांनी चष्मा परत लावला. "आजचा दिवस जाऊ द्या," म्हणाले. "एक दिवस त्या ग्रुपमध्ये नसला म्हणून तो काही बुडत नाही. मी त्याच्याशी बोलतो."

ते काय बोलले मला माहीत नाही. साहेब दिवसभर केबिनमधून बाहेर आले नाहीत. संध्याकाळी घरी निघाले तेव्हा माझ्या टेबलावरून जाताना त्यांनी मान दुसरीकडे केली. मला ते लागलं. साहेबांशी माझं कधी वाकडं नव्हतं. माझ्या लेकीच्या कॉलेज प्रवेशाच्या वेळी ते स्वतःहून माझ्याबरोबर नागपूरला आले होते.

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, पण हवा अशी दमट की कागद टेबलाला चिकटत होते. सकाळीच अल्लीपूरच्या कूलरचा कॉम्प्रेसर बसला. ताईंनी ग्रुपवर फोटो टाकला, टाकीचं तापमान चढत चाललेलं. कूलरचे मिस्त्री साहेबांच्या हाताखाली, आणि साहेबच ग्रुपमध्ये नव्हते. मी तो फोटो बघितला आणि उठून त्यांच्या केबिनकडे निघाले, तर ते फोनवर बोलत होते. दार उघडं होतं.

"आता मला कशाला फोन करता?" ते म्हणत होते. "मला तर काढलंय ना तुम्ही."

ताईंचा आवाज मला दारात ऐकू आला. तो कुठेही ऐकू येतो. "ग्रुपमधून काढलं सायेब. डेअरीतून नाई काढलं. मिस्त्री धाडा लवकर, दूध चाललं."

साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "कॅन पाण्यात ठेवा. बर्फ मिळेल तिथून आणा. गवळ्यांना दुपारचं दूध उशिरा आणायला सांगा. मी निघालो." फोन ठेवून त्यांनी मिस्त्रीला हाक मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीही चला. मालकांनी सांगितलंय, जाल तेव्हा मॅडमला घेऊन जा म्हणून."

मिस्त्री पुढे चालकाशेजारी, आम्ही दोघं मागे. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना पराटी, म्हणजे कपाशी, मधूनच सोयाबीन. मग साहेबच म्हणाले, "त्यात एवढं काय होतं, मॅडम? फॅटचा फरक पडला की मला वर जाब द्यावा लागतो. प्लान्टवर लोक माझ्या तोंडावर विचारतात, तुमच्या केंद्रावर पाणी घालतात का. मी रागात दोन शब्द बोललो."

मी फोन काढला. "वाचून दाखवू का?"

"मी लिहिलंय, मला माहीत आहे."

"लिहिणं वेगळं. ऐका एकदा."

मी वाचायला लागले. आवाज चढवला नाही, हजेरी वाचावी तसं वाचलं. भाकरी थापायच्या सोडून. तुमच्यासारख्यांना. पुढे बसलेल्या मिस्त्रीने आरशाकडे बघायचं टाळलं. महाराणीपर्यंत पोचायच्या आधी साहेब म्हणाले, "पुरे." मग खिडकीतून बाहेर बघत राहिले. नंतर म्हणाले, "माझी बायको बँकेत आहे. तिला तिच्या साहेबाने असं लिहिलं असतं, तर मी तिथे जाऊन भांडलो असतो."

मी फोन पर्समध्ये ठेवला.

केंद्रावर धावपळ चालली होती. हौदात पाणी भरून कॅन उभे केले होते, दोन पोरं बर्फाच्या लाद्या फोडत होती. मिस्त्री सरळ कॉम्प्रेसरशी गेला. साहेबांनी बाह्या वर केल्या आणि स्वतः टाकीचं तापमान बघितलं, हमालांबरोबर कॅन हलवले. दूध वाचेल असं दिसायला लागल्यावर ते तपासणीच्या टेबलाकडे आले. तपासणारी बाई तिथे होती. ताई सकाळी तिच्या घरी जाऊन तिला घेऊन आल्या होत्या. साहेबांना बघून ती उठून उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

मला वाटतं, साहेबांनी तिला त्याआधी नीट बघितलंच नव्हतं. ॲपवर तिच्या नावापुढे तिच्या लेकराचा फोटो होता. साहेब म्हणाले, "बसा. परवा सॅम्पल कसं घेतलं होतं, मला करून दाखवा."

तिने कॅनचं झाकण काढलं, मापाने वरचं दूध घेतलं.

"आधी ढवळलं नव्हतं का?"

ती हळूच म्हणाली, "गर्दी होती सायेब. मांगं लोकं वरडून राह्यले होते. राहून गेलं."

"वरचं घेतलं की साय येते. आकडा चढतो." साहेबांनी स्वतः ढवळणी घेऊन कॅन तळापासून ढवळला, सॅम्पल घेतलं, यंत्रात लावलं. आकडा उतरला. तिने तो बघितला आणि मान हलवली. चूक तिची होती, आणि ती तिने तिथल्या तिथे मान्य केली.

ताई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "येवढंच होतं ना सायेब? एका फोनचं काम होतं."

साहेबांनी हातातली ढवळणी पुसली. तपासणाऱ्या बाईला म्हणाले, "मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नकोच. सॉरी." हमाल, मिस्त्री, बर्फवाले, सगळे ऐकत होते. ती 'हो' म्हणाली, की 'नाई जी' म्हणाली, मला नीट ऐकू आलं नाही. ती लगेच चहा ठेवायला आत गेली.

चहा पिताना ताईंनी फोन काढला. "घेऊ का सायेब परत?"

"घ्या."

त्यांनी फोन लांब धरला, नाव शोधलं, दाबलं. साहेबांच्या खिशात फोन वाजला.

परतल्यावर परवानगीचा प्रश्न उरला होताच. साहेबांचं म्हणणं, केंद्रप्रमुखांनी वरच्या माणसाला काढू नये अशी सोय करा. राग आता नव्हता, पण मुद्दा त्यांनी सोडला नव्हता. कॉम्प्रेसरची बातमी ग्रुपमधून त्यांना कळली नाही, हे त्यांनी मालकांसमोर मांडलं, आणि त्यात तथ्य होतं. ताईंचा फोन लागला नसता तर पुन्हा टँकरभर दूध गेलं असतं. मी सेटिंग शोधलं. वरच्यांना सोडून बाकीच्यांपुरती परवानगी द्यायची, तशी सोय आमच्या ॲपमध्ये नव्हती. काढण्याची परवानगी एकतर पूर्ण द्यायची, नाहीतर पूर्ण परत घ्यायची.

मालकांनी मला विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. फक्त ठरवून टाकू, ऑफिसातल्या माणसाला काढायचं असेल तर आधी मला फोन करायचा. ॲप हे सांगणार नाही, आपणच सांगायचं. मी ताईंना फोन करून हे सांगितलं.

"म्हंजे इचाराचं तुमाले, अन् काढाचं आमी?"

"हो."

"चालते," त्या म्हणाल्या. "पन तुमी नाई म्हनलं तं?"

"मग माझ्याशी भांडा."

त्या खळखळून हसल्या. त्यानंतर तशी वेळ आली नाही. साहेब ग्रुपवर आजही तिखट लिहितात, पण आकड्यांबद्दल, टँकरबद्दल. माणसाबद्दल काही असलं की फोन करतात. माझ्याशी दोन-चार दिवस तुटक वागले, मग एका दुपारी डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी पुढे केली आणि लेकीच्या निकालाचं विचारलं.

दिवाळीनंतर ताईंची लेक बाळंतपणाला यायची होती. त्यांना मोठी रजा हवी होती. फोनवर म्हणाल्या, "मी नसली तं हे घेनं-काढनं कोन करीन? तुमच्याकडं वापस घेऊ नोका बाप्पा. पयलेसारखं होईन."

मी साहेबांना विचारलं, अल्लीपूरला कोणाला देऊ? ते फाइलीत बघत होते. मान वर न करता म्हणाले, "टेबलावरच्या बाईला द्या. आता ती न ढवळता सॅम्पल घेत नाही."

मी तिला फोन केला. ती म्हणाली, घरी विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. सासूबाई विचारत होत्या, पगार वाढेल का. मी म्हटलं, नाही.

"मी सांगतलं त्याईले, नाई वाढत," ती म्हणाली. "तं म्हने, मंग काऊन घेतं?"

"मग तू सासूबाईंना काय म्हणालीस?"

"म्हनलं, कोनी तरी पायजेच ना मामी. ताई नाई, अन् टँकर तं रोज येते."

मग तिने विचारलं, काढायचं बटण दाबलं की माणसाला कळतं का लगेच. मी म्हटलं, कळतं. ती म्हणाली, "मंग आधी फोन करत जाईन." मी तिला दोन्ही परवानग्या दिल्या. पहिल्याच आठवड्यात तिने एक बदली चालक आत घेतला.